सुताराची मापं

ब्रिगहॅम यंगने १८७३ साली, मृत्यूच्या चार वर्षं आधी, स्वतःच्या अंत्यविधीच्या सूचना लिहून ठेवल्या. पेटी रेडवुडच्या सव्वा इंची फळ्यांची. लांबी माझ्या मापापेक्षा दोन इंच जास्त धरा. माझ्या अंगाच्या माणसाला एरवी जेवढी रुंद करतात त्याहून दोन-तीन इंच जास्त रुंद करा. आत कापसाची छोटी गादी आणि बरीशी उशी बसेल इतकी खोली ठेवा. म्हणजे थोडं डावी-उजवीकडे वळावंसं वाटलं तर अवघडायला नको. बायकांनी दुःख दाखवायला काळे कपडे विकत घेऊ नयेत, पुरुषांनी टोपीला काळी पट्टी लावू नये. मॉर्मन पंथाचा दुसरा अध्यक्ष, युटाचा पहिला गव्हर्नर, हजारो माणसांना वाळवंटात घेऊन जाणारा पुढारी. पण या कागदावर बोलतो तो सुतार. लाकूड कापताना हात आखडला की पुढे काय होतं हे ज्याला पुरतं माहीत आहे, असा सुतार.

हा कागद वाचताना मला राहून राहून एक आकडा आठवतो. सतरा पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास. १८५६ साली जे गरीब मॉर्मन स्थलांतरित हातगाड्या ओढत युटाला निघाले, त्यांना माणशी एवढंच सामान नेता येत होतं. अंथरूण, कपडे, भांडी, सगळं त्यातच. मुलांना दहा पौंड. सामान तराजूवर तोलून घेतलं जाई, आणि जास्तीचं तिथेच विकायचं किंवा टाकून द्यायचं. स्वतःच्या पेटीला दोन इंच वाढवून मागणारा आणि दुसऱ्यांच्या गाठोड्याला सतरा पौंडांची हद्द घालणारी योजना आखणारा माणूस एकच. मला यात ढोंग दिसत नाही. दोन्हीकडे हिशोबच आहे. पण एक हिशोब जागेवर उभं राहून केलेला आणि दुसरा हजार मैलांवरून पाठवलेला. यंगच्या आयुष्यात मला हा फरक पुन्हापुन्हा दिसतो.

त्याचा जन्म १ जून १८०१ चा, व्हरमाँटमधल्या व्हिटिंगहॅमचा. अकरा भावंडांतला नववा. चौदाव्या वर्षी क्षयाने आई गेली, सोळाव्या वर्षी घर सुटलं. शाळेत मी अकरा दिवस गेलो, असं तो पुढे सांगत असे. न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न, मेंडन या भागांत सुतारकाम, रंगकाम, खिडक्यांना काचा बसवणं यावर त्याचं पोट चाले. जोसेफ स्मिथचा नवा मॉर्मन पंथ त्याने १८३२ च्या एप्रिलमध्ये स्वीकारला, तोही हातातल्या कामासारखा, वर्षभराहून अधिक काळ उलटसुलट तपासून. त्याच वर्षी पहिली बायको, मिरियम, क्षयानेच गेली. १८३५ मध्ये तो पंथाच्या पुढारी मंडळातल्या बारा प्रेषितांपैकी एक झाला. वक्ते आणि पंडित त्याच्याहून मोठे होते. त्याचा कस लागला तो मिसुरीत. १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकलण्याचा, नाहीतर निपटून काढण्याचा हुकूम काढला. स्मिथ तुरुंगात पडला. त्या हिवाळ्यात यंगने लोकांकडून सह्यांचा करार करून घेतला, की एकाही गरिबाला मागे ठेवायचं नाही, त्यासाठी ज्याच्याकडे जे आहे ते द्यायचं. त्या कराराच्या जोरावर हजारो माणसं मिसिसिपीपलीकडे इलिनॉयला पोचली.

२७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला मारलं. ८ ऑगस्टला इलिनॉयमधल्या नॉवू गावच्या सभेत, नेतृत्वावर हक्क सांगणाऱ्या सिडनी रिग्डनला बाजूला सारून, लोकांनी बारा प्रेषितांच्या, म्हणजे पर्यायाने यंगच्या, बाजूने हात वर केले. त्या दिवशी यंगमध्ये स्मिथचाच आवाज ऐकू आला असं पुढे अनेकांनी सांगितलं. माझं लक्ष मात्र त्यानंतरच्या वर्षाकडे जातं. १८४५ च्या शेवटी नॉवू गाव म्हणजे एक गाडीकारखानाच झालं होतं. पाच माणसांच्या कुटुंबाला काय लागेल याची यादी छापून वाटली होती: एक मजबूत गाडी, बैलांच्या तीन जोड्या, दोन गाई, एक हजार पौंड पीठ, वीस पौंड साखर, एक बंदूक, तंबू आणि त्याच्या काठ्या. खर्च अडीचशे डॉलरच्या घरात. आणि लाकूड? आरे आणि चाकाचे घेर यांसाठी जंगलातून ओलं लाकूडच येत होतं. पण ते थेट वापरत नव्हते. काही भट्टीत वाळवायचे, काही मिठाच्या पाण्यात उकळून काढायचे. ओल्या लाकडाचं चाक कोरड्या मुलखात गेलं की आकसतं, आरे सुटतात, घेर निखळतो. ही गोष्ट १८४५ मध्ये यंगला आणि त्याच्या माणसांना पक्की ठाऊक होती.

हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण अकरा वर्षांनी ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं नाही.

१८४७ चा पहिला तांडा हे यंगच्या कामाचं सगळ्यात देखणं उदाहरण. १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं, सत्तरहून थोड्या जास्त गाड्या. दहा, पन्नास आणि शंभर माणसांचे गट, प्रत्येकावर कप्तान. वाटेत विल्यम क्लेटन नावाच्या कारकुनाला इतरांनी सांगितलेल्या रोजच्या मैलांचा संशय येऊ लागला. मग त्याने एका गाडीच्या मागच्या चाकाचा परीघ मोजला. तो भरला १४ फूट ८ इंच, म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांना एक मैल. चाकाला लाल चिंधी बांधून तो दिवसभर फेऱ्या मोजत चालला. ८ मे रोजी ४०७० फेऱ्या झाल्या, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेऱ्या. असं रोज करणं अशक्य, म्हणून ऑर्सन प्रॅटने आराखडा काढला आणि ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी यंत्र बनवलं. गाडीच्या चाकाच्या सहा फेऱ्यांना एकदा फिरणारा स्क्रू आणि त्यावर चालणारं साठ दात्यांचं चाक. सहा गुणिले साठ, तीनशे साठ. दात्यांचं चाक एकदा फिरलं की मैल झाला. मिसुरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्स या तळापासून युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंतचं अंतर १०३१ मैल भरलं, आणि क्लेटनने पुढच्याच वर्षी ते पाणी, चारा आणि चढउतारांसह पुस्तिकेत छापलं. हा १०३१ चा आकडाही लक्षात ठेवा.

२४ जुलै १८४७ ला यंग खोऱ्यात पोचला तो तापाने गाडीत आडवा पडून. पुढे गेलेल्या तुकडीने आदल्याच दिवशी सिटी क्रीकवर बांध घालून नांगरटीसाठी पाणी काढलं होतं, कारण जमीन इतकी टणक होती की नांगर मोडत होते. चार दिवसांत त्याने मंदिराची जागा नक्की केली आणि गावाची आखणी सुरू झाली. दहा-दहा एकरांचे चौक, प्रत्येकात सव्वा एकराचे आठ भूखंड, घर रस्त्यापासून वीस फूट आत, रस्ते १३२ फूट रुंद. आजही सॉल्ट लेक सिटीत रस्ता ओलांडताना ही रुंदी पायांना जाणवते. रस्त्याच्या कडेने पाट, आणि घरोघर बागेला पाण्याची पाळी. नदीकाठच्या जमीनमालकाची पाण्यावर मालकी, हा पूर्वेकडचा इंग्रजी वळणाचा नियम यंगने मोडला. पाणी, लाकूड यांवर कुणाची खासगी मालकी नाही, असं त्याने सुरुवातीलाच जाहीर केलं. कोरड्या मुलखात गाव वसवायचं तर आधी पाण्याचा कायदा हवा, हे तिथे पोचल्यापोचल्या ज्याला कळलं त्याच्या बुद्धीला मी मनापासून मानतो. लोकांच्या घामाशिवाय यातलं काही उभं राहिलं नसतं हे खरंच, पण आखणी त्याची होती.

पुढची आठ वर्षं लोक येत राहिले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, डेन्मार्क. गरिबांसाठी १८४९ मध्ये स्थलांतर निधी काढला होता. आत्ता उचल घ्यायची आणि युटात येऊन फेडायची. पण फेड होईना. १८५५ मध्ये टोळ आणि दुष्काळ आला, तिजोरी रिकामी झाली. त्या सप्टेंबरात यंगने इंग्लंडमध्ये पंथाचं काम पाहणाऱ्या फ्रँकलिन रिचर्ड्सला पत्र लिहिलं. गाड्या आणि बैल घेणं आता परवडत नाही, तेव्हा माझी जुनी योजना काढू, हातगाड्या करू आणि लोकांना चालत येऊ देऊ. रोज पंधरा मैल धरले तर सत्तर दिवसांत पोचतील. पंधरा गुणिले सत्तर, एक हजार पन्नास. क्लेटनच्या १०३१ मैलांशी जुळणारा हिशोब, कागदावर बिनचूक. आणि पुढे सुताराची सूचना: हातगाडी लोखंडाचा कणही न वापरता करता येईल, हलकी आणि मजबूत.

प्रत्यक्षात काय झालं? गाडीला पुढे ओढायला दोन दांडे आणि आडवी मूठ, चाकं चारसाडेचार फूट उंच. रिकामी गाडी साठेक पौंडांची. पाच माणसांना एक गाडी, वीस जणांना एक तंबू, शंभरांमागे पिठासाठी एक बैलगाडी. पहिले तीन तांडे वेळेत निघाले आणि बऱ्यापैकी सुखरूप पोचले. २६ सप्टेंबर १८५६ ला पहिले दोन खोऱ्यात उतरले तेव्हा यंग बँड घेऊन सामोरा गेला होता. योजना यशस्वी वाटत होती. पण लिव्हरपूलहून उशिरा, मे महिन्यात सुटलेल्या दोन जहाजांची माणसं अजून मागे होती. हातगाड्यांचा प्रवास जिथून सुरू होई त्या आयोवा सिटीला ती आली तेव्हा त्यांच्यासाठी गाड्या तयारच नव्हत्या. मग घाईघाईने मिळेल ते लाकूड घेतलं. भट्टी नाही, मिठाचं पाणी नाही. आयोवाच्या दमट उन्हाळ्यात घट्ट बसलेले आरे नेब्रास्काच्या कोरड्या वाऱ्यात तुंब्यातून हलायला लागले. लाकडी आसावर लाकडी तुंबा, मध्ये रस्त्याची वाळू. वाळूने आस खात खात बारीक होई आणि एका धक्क्याला मोडे. वंगण नव्हतं. लोकांनी खाण्यातली डुकराची चरबी लावली, साबण लावला, बुटांचं चामडं कापून आसाला गुंडाळलं, जेवणाच्या पत्र्याच्या थाळ्या ठोकल्या. दिवसाचे तास दुरुस्तीत जाऊ लागले आणि पंधरा मैलांचा हिशोब तिथेच ढासळला.

या माणसांचे दोन तांडे झाले, जेम्स विलीचा आणि मार्टिनचा. विलीच्या तांड्यात एलिझाबेथ झेवियर टेट नावाची बाई होती. जन्म मुंबईचा. नवरा विल्यम, ब्रिटिश फौजेतला शिपाई. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईला उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीत त्याने एक छोटी शाखा उभी केली. टेट कुटुंब त्यातलं. नवरा आधी युटाला गेला, ती मागून इंग्लंडमार्गे निघाली. प्रवासात तिचं तान्हं मूल गेलं. मुंबईत जन्मलेली एक बाई वायोमिंगच्या बर्फात हातगाडीसोबत चालते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणणं मला फार जड जातं. त्याच तांड्यात लिव्हाय सॅव्हेज होता, कलकत्ता आणि ब्रह्मदेशातल्या प्रचारकामावरून घरी परतणारा. मिसुरी नदीकाठच्या फ्लॉरेन्स गावी १३ ऑगस्टच्या सभेत उभं राहून त्याने स्पष्ट सांगितलं, की म्हातारे आणि लहान मुलं घेऊन इतक्या उशिरा निघालो तर माणसं मरतील. बहुमत निघायच्या बाजूने झालं. मग तोही त्यांच्याबरोबर निघाला आणि शेवटपर्यंत त्यांच्यासाठी राबला. या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

फ्लॉरेन्सला प्रत्येक हातगाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं वाढलं. पाच माणसं, रोज माणशी एक पौंड: वीस दिवसांचंही नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या यादीत पाच माणसांना हजार पौंड होते. सप्टेंबरात रानगव्यांच्या गडबडीत तीसेक जनावरं पळाली, बैलगाड्या ओढायला पुरेसे बैल उरले नाहीत, मग आणखी पीठ हातगाड्यांवर आलं. वाटेतल्या फोर्ट लारामी या ठाण्यावर धान्य मिळेल ही आशा होती, तिथे काही वाट पाहत नव्हतं. रोजचं पीठ एक पौंडावरून बारा औंसांवर आलं, मग साडेदहावर, म्हणजे जेमतेम तीनशे ग्रॅम. दिवसभर गाडी ओढणाऱ्या माणसाला. फ्लॉरेन्सहून निघाल्यापासून, म्हणजे ऑगस्टच्या १८ तारखेपासून, सत्तर दिवस मोजले तर २७ ऑक्टोबर उजाडतो. वाटेतली साउथ पास ही खिंड सात हजार फुटांहून उंच. बर्फ १९ ऑक्टोबरलाच पडलं.

मागे एवढी माणसं आहेत ही बातमी यंगला मिळाली ती ४ ऑक्टोबरला, तिथून पुढे आलेल्या रिचर्ड्सकडूनच. दुसऱ्या दिवशी रविवार, पंथाच्या परिषदेची सकाळ. यंगने धर्मप्रवचन बाजूला ठेवून मागण्या मांडल्या: खेचरांच्या साठ-पासष्ट जोड्या, बारा ते पंधरा गाड्या, चाळीस धट्टेकट्टे गाडीवान, बारा टन पीठ. उद्या-परवा नव्हे, आज. आधी ती माणसं आणा, नाहीतर तुमचा धर्म तुम्हाला तारणार नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. बायकांनी तिथल्या तिथे पायमोजे आणि पेटिकोट काढून दिले. ७ ऑक्टोबरला पहिल्या गाड्या निघाल्या आणि महिनाअखेर दोनशेहून जास्त गाड्या रस्त्यावर होत्या. विलीच्या तांड्याला मदत २१ तारखेला भेटली, पण २३ तारखेचा रॉकी रिजचा चढ हिमवादळातच चढावा लागला आणि पलीकडे तेरा जणांना एका खड्ड्यात पुरलं. दोन्ही तांडे मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली. एलिझाबेथ वाचली. मार्टिनचा तांडा ३० नोव्हेंबरला पोचला. तोही रविवारच होता. यंगने दुपारची प्रार्थनासभा रद्द करून बायकांना घरी पाठवलं. प्रार्थना चांगलीच, पण भाजलेले बटाटे, पुडिंग आणि दूध जिथे हवं तिथे प्रार्थनेने भागत नाही, असं तो म्हणाला. माणूस समोर आला की त्याचा हिशोब कधी चुकत नसे.

दोष मात्र त्याने रिचर्ड्स आणि इतरांवर टाकला. उशिरा निघू द्यायला नको होतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण इतक्या काटकसरीने आखलेल्या योजनेत दोन आठवड्यांच्या उशिराला, एका मोडक्या आसाला जागाच नव्हती, आणि ती आखणी त्याची होती. हे त्याने कधी कबूल केल्याचं दिसत नाही.

अंतराचा हाच प्रश्न पुढच्या वर्षी अधिक भयंकर रूपात आला. अमेरिकन सैन्य युटावर चालून येत होतं, यंगची आणि इतर पुढाऱ्यांची भाषणं जहाल झाली होती, वाटसरूंना धान्य विकू नका असे निरोप गावोगाव गेले होते. सीडर सिटीहून जेम्स हॅस्लम घोड्यावरून अडीचशे मैल दौडत १० सप्टेंबरला यंगकडे आला: आर्कान्सासहून आलेल्या वाटसरूंना वेढा पडलाय, काय करायचं? यंगने तासाभरात उत्तर दिलं, त्यांना जाऊ द्या. पत्र १३ तारखेला पोचलं. ११ सप्टेंबरला माउंटन मेडोजमध्ये स्थानिक मॉर्मन शिबंदीने पायूट या मूळनिवासी जमातीतल्या काही लोकांना हाताशी धरून सुमारे १२० जणांची कत्तल केली होती. वाचली ती सतरा लहान मुलं. यंगने हुकूम दिल्याचा पुरावा नाही. पण ती हवा तापवण्यात त्याचा हात होता, आणि नंतर शिक्षा झाली ती एकट्या जॉन ली याला, वीस वर्षांनी. आणखीही आहे. १८४७ च्या पहिल्या तांड्यात ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन काळे गुलाम होते. ज्या पाटांचं कौतुक मी वर केलं, त्या खोऱ्यात पुढे गेलेल्या तुकडीत त्यांचेही हात होते. १८५२ मध्ये यंगनेच युटात गुलामीला कायद्याची चौकट दिली आणि काळ्या पुरुषांना पौरोहित्य नाकारलं. ती बंदी उठायला १९७८ उजाडलं. त्याच्या पंचावन्न बायका आणि सत्तावन्न मुलांबद्दल लोक चवीने बोलतात. मला ही सव्वाशे वर्षं त्याहून फार मोठी वाटतात.

चूक कबूल केली नाही, तरी त्याने ती दुरुस्त केली. मिसुरी नदीवरून जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर कुणी निघायचं नाही, असा नियम झाला. १८६० मध्ये त्याच्या पुतण्याने, जोसेफ यंगने, एकाच मोसमात बैल युटाहून मिसुरीला जाऊन परत येऊ शकतात हे करून दाखवलं. मग १८६१ पासून दर वसंतात गावोगावच्या वॉर्डांतून, म्हणजे पंथाच्या स्थानिक मंडळ्यांतून, गाड्या निघू लागल्या. वाळलेल्या लाकडाच्या, लोखंडी धावा बसवलेल्या. त्या वाटेची सवय असलेले बैल, गावातलीच तरणी पोरं गाडीवान. जाताना युटाचं पीठ बरोबर न्यायचं, परतीसाठी त्यातलं थोडंथोडं वाटेतल्या ठाण्यांवर उतरवत जायचं, आणि येताना गरीब माणसं भरून आणायची. रोकड जवळजवळ लागत नव्हती. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत हजारो माणसं अशी आली, आणि हातगाडी कायमची बंद झाली. दहा तांड्यांतून हातगाड्यांनी आलेले लोक मोजून तीन हजारांच्या आसपास. १८४७ ते १८६८ या काळात आलेल्या एकूण सत्तरेक हजारांतले. तरी शिल्पं हातगाडीची आहेत, आणि दर उन्हाळ्यात मॉर्मन तरुण मुलं जुन्या पोशाखात हातगाड्याच ओढतात. मेलेल्यांची आठवण ठेवावी, त्यात काहीच गैर नाही. पण त्या मुलांच्या हाती दांडा देण्याआधी त्यांना चाकाचा तुंबा उघडून दाखवावा, लाकूड किती वाळलंय ते बोटाने चाचपू द्यावं, आणि वर्षानुवर्षं जा-ये करून कुणाचाही गाजावाजा न होता माणसं सुखरूप आणणाऱ्या त्या बैलगाड्यांबद्दलही सांगावं, असं मला मनापासून वाटतं.